हँडब्रेक ढिला पडला? नटाला हात लावण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि दुरुस्ती

पावसाळा सुरू झाला की हँडब्रेकच्या तक्रारी वाढतात. या खेपेलाही पत्रांत त्याच जास्त आल्या, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी हॅचबॅक सात वर्षांची आहे, मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक पूर्वी सहाव्या खटक्याला घट्ट व्हायचा. आता दहा-अकरा खटके ओढला तरी सोसायटीच्या रॅम्पवर गाडी हळूच सरकते. लिव्हरच्या कव्हरखाली एक नट असतो, तो आवळला की काम झालं, असं व्हिडिओत दाखवतात. घरी करता येईल का? – वाचक, पुणे

करता येईल. पण नट आवळणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे आणि व्हिडिओवाले नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आत काय घडतं ते आधी पाहू. लिव्हर ओढली की तिच्या बुडाची सळई एका आडव्या पट्टीला खेचते. हा इक्वलायझर. त्याच्या दोन टोकांना दोन केबल असतात, एक डाव्या चाकाकडे आणि एक उजव्या. प्रत्येक केबल ड्रमच्या आतला छोटा लिव्हर ओढते आणि तो दोन्ही ब्रेक शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या अर्धगोल पट्ट्या, फाकवून ड्रमला टेकवतो. पायाचा ब्रेकही हेच शू वापरतो, फक्त त्यांना ढकलतं ऑइल. शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजत जातं तशी शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायला दोन शूंच्या मध्ये आपोआप लांबणारा अ‍ॅडजस्टर असतो. धुळीने आणि गंजाने तो अडकला की फट वाढतच राहते आणि वर लिव्हरचे खटके वाढतात.

अशा वेळी नुसता नट आवळला तर ड्रममधला छोटा लिव्हर कायमचा थोडा ओढलेला राहतो, त्याच्या मूळ जागी परत टेकत नाही. त्यामुळे अ‍ॅडजस्टरवर सतत दाब येतो आणि तो हलेनासा होतो. हँडब्रेक चार दिवस झकास लागतो, पायाचा ब्रेक मात्र खाली जाऊ लागतो. म्हणून दोष कुठे आहे ते आधी शोधायचं, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही.

गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन चालू ठेवा, हँडब्रेक पूर्ण खाली. ब्रेक पेडल एकदा दाबून ते किती खाली जातं ते लक्षात ठेवा. सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबा. दुसऱ्या खेपेला पेडल स्पष्टपणे वर, घट्ट लागलं, तर मागच्या ड्रममधली फट वाढली आहे. दोष आत आहे, नटाला हात लावू नका. पेडल दोन्ही वेळा सारख्याच उंचीवर कडक लागत असेल आणि फक्त हँडब्रेकच लांब गेला असेल, तर केबल सैलावली आहे किंवा नट फिरला आहे. मग नटाचं काम. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे, आणि ती आधी काढायला हवी.

फट वाढलेली दिसली तरी लगेच ड्रम उघडायला नको. हँडब्रेक खाली ठेवूनच पेडल दहा-पंधरा वेळा भरपूर जोराने दाबा, प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. अ‍ॅडजस्टर थोडासाच अडकला असेल तर मागून बारीक 'टिक' ऐकू येतं आणि पेडल हळूहळू वर येतं. काही गाड्यांत अ‍ॅडजस्टर उलट्या गिअरमध्ये ब्रेक मारल्यावर किंवा हँडब्रेक ओढल्यावर हलतो. तुमच्या गाडीत काय ते पुस्तिकेत पाहा. यानंतर खटके पुन्हा मोजा. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

आता नट. गाडी सपाट, टणक जमिनीवर हवी. मागची चाकं उचलायची आणि हँडब्रेक सोडायचा, म्हणजे गाडी धरून ठेवायला पुढची चाकंच उरतात. त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकळे लावा. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका. पण ईको, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचा भरवसा नाही. मागचं एक चाक जरी हवेत गेलं तरी ते मोकळं फिरतं आणि गिअर गाडी धरत नाही. इथे सगळी मदार ठोकळ्यांवर, म्हणून ते चांगले जाड घ्या, विटांचे तुकडे नकोत. जॅकने उचला आणि घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावून गाडीचं वजन तिच्यावर सोडा. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक पंक्चरपुरता आहे. त्याच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

कव्हर काढताना घाई केली तर प्लॅस्टिकच्या क्लिप तुटतात. कुठे दोन स्क्रू असतात, कुठे मागचा भाग नुसता वर उचलून निघतो, कुठे लिव्हरवरचं कातडी आवरण सरकवलं तरी नट दिसतो. आत पिवळ्या रंगाचं वायरिंग दिसलं तर ते एअरबॅगचं. त्याला ओढू नका, त्याचा कनेक्टर सोडू नका. नट बहुधा १० किंवा १२ मिमीचा असतो आणि सळई त्याच्या पुढे बरीच बाहेर आलेली असते, म्हणून डीप सॉकेट लागतो. दोन नट असतील तर वरचा चेक नट, म्हणजे खालच्याला जागीच धरून ठेवणारा, आधी सैल करायचा. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल फवारून दहा मिनिटं थांबा. नट फिरवताना सळईही फिरू लागली तर तिला पक्कडीने धरा, नाहीतर केबलला पीळ बसतो.

एका वेळी अर्धाच फेरा आवळा आणि दर वेळी मागची चाकं हाताने फिरवून पाहा. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरलीच पाहिजेत, जरासं घासल्याचा आवाज चालेल, अडकलेलं नाही. दोन खटक्यांवर हलकी घासण लागावी. पाच ते सात खटक्यांवर दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक हलू नये. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरायचा. काही गाड्यांना चार ते नऊ अशी मोठी मुभा असते, काहींना कमी. 'तिसऱ्यालाच कडक लागला पाहिजे' हा हट्ट मात्र नको. त्यात चाकं कायम घासत राहतात.

डावं-उजवं चाक सारखंच घट्ट होतंय ना, हेही पाहा. इक्वलायझरची पट्टी एका बाजूला तिरकी झालेली दिसली तर एक केबल ताणली गेली आहे किंवा अडकली आहे. नट कितीही फिरवला तरी हे सुटणार नाही, ती केबल बदलावी लागेल.

शेवटी लिव्हर चार वेळा जोराने ओढून सोडा, केबल आपल्या जागी बसतात. खटके पुन्हा मोजा, चेक नट आवळा. गाडी खाली घेतल्यावर चढावर न्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि पाय पेडलवरून उचला, पण पेडलच्या वरच ठेवा. चढाकडे तोंड करून एकदा आणि उताराकडे तोंड करून एकदा. पुढे-मागे भिंत किंवा माणूस नसेल अशी जागा निवडा. पुरेशी पकड किती, याचं एक माप आहे : संयुक्त राष्ट्रांचा मोटारींच्या ब्रेकविषयीचा आर १३-एच हा नियम सांगतो की पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर हँडब्रेकने थांबलीच पाहिजे, आणि त्यासाठी हाताचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त लागू नये. २० टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. तुमच्या रॅम्पवर लिव्हरला लटकावं लागत असेल तर काम अपुरं आहे.

प्रश्न : पेडलची वरची चाचणी केली आणि दोष ड्रममध्येच निघाला, तर ड्रम घरी उघडावा का? गॅरेजवाला न उघडताच 'दोन्ही लायनर, दोन्ही केबल बदला' म्हणतो. – वाचक, डोंबिवली

ड्रम कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून. काही छोट्या गाड्यांत चाकाचं बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं आणि मधोमध टोपीखाली मोठा नट असतो. तो एकदा काढला की नवा वापरायचा आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या मापालाच आवळायचा. ते काम गॅरेजचं. ड्रम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, नुसता बसवलेला असेल तर घरी निघतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. हँडब्रेक सोडा आणि लिव्हरजवळचा नटही पूर्ण ढिला करा. ड्रम गंजाने चिकटलेला असतो. त्याच्या तोंडावर बहुतेक गाड्यांत आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम स्वतःहून पुढे सरकतो. हातोड्याने कडेवर मारू नका, बीड तडकतं. बोल्ट आवळूनही ड्रम मधेच अडला तर आतल्या कडेला झिजेमुळे कंगोरा तयार झालेला असतो आणि शू त्याला अडतात. मागच्या प्लेटमधलं रबरी बूच काढून तिथून अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा लागतो.

आतली काळी पूड फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर फवारून खाली ट्रे धरा, ओल्या कापडाने पुसा. पेट्रोल-डिझेल लायनरला लागू देऊ नका. आणि ड्रम निघालेला असताना गाडीत बसून कुणालाही पेडल दाबू देऊ नका. ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि अर्ध्या तासाच्या कामाचा दिवस होतो.

आता गॅरेजवाल्याच्या यादीबद्दल. लोखंडी पट्टीवर लायनर दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल, चिरा गेल्या असतील किंवा तेलाने भिजलं असेल तर दोन्ही चाकांचे शू बदला. एकाच बाजूचे कधीच नाही. लायनर तीन मिलिमीटर आहे आणि कोरडं आहे, तर ते चांगलं आहे. खराब बहुधा अ‍ॅडजस्टर असतो. तो काढून साफ करा, त्याच्या आट्या किंवा दात हाताने सहज सरकतात का ते पाहा. शूची कड मागच्या प्लेटवर जिथे घासते तिथे लोखंड चमकलेलं दिसेल, त्या जागी उष्णता सहन करणारं ग्रीस नखाएवढं लावा. त्याहून जास्त नको, ते वितळून लायनरवर येतं. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्यासाठी राहू द्या. स्प्रिंगांचा क्रम आणि बाक लक्षात राहत नाही. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरच्या आट्या पुष्कळदा उलट असतात. अदलाबदल झाली तर तो लांबण्याऐवजी आखडतो आणि महिन्याभरात तक्रार परत दारात.

ड्रमच्या आतून बोट फिरवा. खोल खाचा असतील तर मोजून घ्या. ड्रमवरच जास्तीत जास्त व्यासाचा आकडा उठवलेला असतो आणि तो नव्या मापापेक्षा एक-दोन मिलिमीटरच जास्त असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर घासून वाचत नाही.

जोडणी झाल्यावर आधी पेडल दाबून अ‍ॅडजस्टर बसू द्या आणि मगच नटाकडे वळा. चाकाचे नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळा. बऱ्याच हॅचबॅकना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, आपल्या गाडीचं माप पुस्तिकेतून घ्या. केबल मात्र बाहेरून तपासल्याशिवाय बदलू नका. ती तपासायची रीत पुढे नाशिकच्या प्रश्नात आली आहे.

प्रश्न : पावसात गाडी आठवडाभर हँडब्रेक लावून उभी होती. सुटेचना. जास्त रेस दिली तेव्हा 'ठाक्' असा आवाज होऊन सुटली. काही तुटलं असेल का? – वाचक, चिपळूण

ड्रम बिडाचा असतो. ओल्या हवेत त्यावर एका रात्रीत गंज येतो आणि लायनर दाबून ठेवलेलं असेल तर दोघं एकमेकांना धरून बसतात. सुटताना एकदाच आवाज येऊन पुढे सगळं ठीक असेल, तर फक्त गंजाचा थर सुटला. त्यानंतर चाकातून खडखड किंवा घासण येत असेल, मधेच चाक अडत असेल, तर लायनर पट्टीवरून उखडलं आहे. लायनर चिकटवलेलं असतं आणि जोराच्या हिसक्याला तेच आधी सुटतं. गाडी चालवू नका, ड्रम उघडा.

पुढच्या खेपेला रेस देऊ नका. पहिला गिअर, अर्धा क्लच, हलकाच धक्का, मग रिव्हर्स, तोही हलका. असं आलटूनपालटून करा. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या तोंडावर, स्टडांच्या मधल्या भागात, लाकडाचा ठोकळा ठेवून गोल फिरत ठोका.

पण खरा उपाय आधी करायचा आहे. कोकणात जून ते सप्टेंबर सपाट जागी हँडब्रेक लावूच नका. गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड, हँडब्रेक खाली. नाक चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पाण्यातून किंवा धुऊन आणलेली गाडी असेल तर उभी करण्यापूर्वी दोन-तीनशे मीटर पायाचा ब्रेक हलका दाबून चालवा, ड्रम गरम होऊन कोरडा होतो.

गाडी पुराच्या पाण्यात हबपर्यंत बुडाली असेल तर हे पुरेसं नाही. तुमच्याकडे २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं, तशा पाण्यात गाळ असतो. तो ड्रमच्या तळाशी बसतो आणि सुकला की अ‍ॅडजस्टर सिमेंट ओतल्यासारखा धरतो. चारही ब्रेक उघडून धुवावेत.

प्रश्न : हँडब्रेक आवळून घेतल्यापासून अ‍ॅव्हरेज घटलं आहे. डावं मागचं चाक तापतं, जळका वास येतो. – वाचक, नाशिक

ही गाडी आज चालवू नका. घासणारं लायनर तापतं, ती उष्णता व्हील सिलिंडरमधल्या ऑइलला लागते. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेलं १४० अंशांनाच. उकळलं की पेडल थेट तळाला. बेअरिंगचं ग्रीसही पातळ होऊन वाहतं.

मागची चाकं उचला, लिव्हर खाली. डावं चाक हाताने फिरवा, जड लागेलच. आता नट पूर्ण ढिला करा. चाक मोकळं झालं तर आवळणाऱ्याने जास्त आवळलं होतं, पहिल्या उत्तरातल्या रीतीने पुन्हा करा. तुमचं एकच चाक तापतंय, त्यामुळे नट ढिला करूनही ते जड राहण्याची शक्यता अधिक.

मग गाडीखाली पाहा. केबल ड्रमच्या मागच्या प्लेटमध्ये शिरते तिथे रबरी टोपी असते. ती फाटली की पाणी आवरणात उतरतं, आतली तार गंजून फुगते. केबल ओढली जाते पण परत सरकत नाही. लिव्हर एकदा ओढून सोडा आणि मदतनिसाला चाकाजवळचं टोक पाहायला सांगा. उजवीकडचं टोक झटकन मागे जाईल, डावीकडचं तिथेच राहील किंवा रेंगाळत जाईल. हातानेच ते मागे ढकलल्यावर चाक सुटलं, तर केबल बदला. तेल सोडून ती तात्पुरती हलते, पण आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेलाला धूळ चिकटते आणि ती पुन्हा धरते. केबलचं टोक मोकळं असूनही चाक जडच असेल, तर आतल्या छोट्या लिव्हरची खीळ गंजली आहे किंवा व्हील सिलिंडर अडकला आहे. म्हणजे ड्रम उघडणं आलं. लायनर काचेसारखं चकचकीत झालेलं दिसेल. चिरा नसतील तर सँडपेपरने तो थर काढता येतो, असतील तर दोन्हीकडचे शू बदला.

दुरुस्तीनंतर दहा किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न लावता उष्णता जोखा. दोन्ही सारखी कोमट असावीत. शंका वाटली तर ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. 'चर्र' झालं तर काम झालेलं नाही.

प्रश्न : मागच्या चाकांवर चालणारी जुनी जीप आहे. तीन महिन्यांपूर्वी लायनर नवे टाकले, तरी उजवं चाक हँडब्रेक धरत नाही. डावं धरतं. – वाचक, कोल्हापूर

नट आवळू नका, लायनर भिजलं असणार. भिजवणाऱ्या गोष्टी दोन. चाकाच्या आतल्या बाजूने खाली ओघळलेलं पातळ, थोडं निसरडं द्रव असेल तर ब्रेक ऑइल. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहा, आत ओल दिसली की सिलिंडर गेला. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरलेली असेल. द्रव जाड, काळपट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते डिफरन्शियलचं ऑइल, आणि गळतंय ते अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून. अशा वेळी अ‍ॅक्सल हाउसिंगच्या वरची बारीक हवाकांडीही पाहा. चिखलाने ती बुजली की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो आणि नवं सीलही टिकत नाही. उसाच्या रानातून गाडी नेणाऱ्यांना हे नेहमीचं.

भिजलेलं लायनर धुऊन, जाळून परत वापरणारे आहेत. आमचं मत : नको. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की वर येतं.

प्रश्न : हँडब्रेक खाली असूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा वळणावर लुकलुकतो. – वाचक, ठाणे

तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो. वळणावर टाकीतलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि तरंगता खटका खाली जातो, म्हणजे पातळी काठावर आहे. नुसतं भरून मोकळे होऊ नका. पुढचे पॅड झिजले की पातळी उतरते, तसं असेल तर पॅड बदलल्यावर ती आपोआप वर येते. पॅड जाड असूनही पातळी कमी असेल तर गळती शोधा. दिवा सरळ रस्त्यावर कायमचा पेटत असेल तर लिव्हर हाताने खाली दाबून पाहा. तेवढ्याने विझला तर लिव्हरखालचा स्विच सरकला आहे किंवा जास्त आवळल्यामुळे लिव्हर पूर्ण बसत नाही.

प्रश्न : मागे डिस्क असलेल्या गाडीला हेच सगळं लागू होतं का? आणि बटणाचा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर? – वाचक, नागपूर

अर्धंमुर्धं. डिस्कच्या गाड्यांत तीन तऱ्हा आहेत. पहिलीत डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो आणि फक्त हँडब्रेकसाठी वेगळे शू. उभ्या गाडीलाच लागत असल्याने ते झिजत नाहीत, गंजतात. डिस्कच्या तोंडावरच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने दात्यांचं चाक फिरवायचं, डिस्क अडेपर्यंत, आणि मग पुस्तिकेत दिलेले तितके दाते मागे.

दुसरीत केबल थेट कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, लिव्हरला जाते. इथे नट जास्त आवळला तर कॅलिपरमधला अ‍ॅडजस्टर बंद पडतो, त्यामुळे हँडब्रेक खाली असताना दोन्ही कॅलिपरचे लिव्हर आपापल्या थांब्याला टेकलेले हवेत. पॅड बदलताना याचा पिस्टन नुसता दाबायचा नसतो, अवजाराने फिरवत आत न्यायचा असतो. शिकंज्याने दाबला तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खं कॅलिपर घ्यावं लागतं.

तिसरी तऱ्हा बटणाची. कॅलिपरवर मोटर असते, आवळायला नट नाही. पॅड बदलण्यापूर्वी स्कॅनरने ती सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. कॅलिपर काढलेलं असताना बटण दाबू नका. बॅटरी पूर्ण उतरली तर हा ब्रेक सुटत नाही. टोइंगवाला मागची चाकं फरफटवण्याआधी जंप स्टार्ट करून पाहा. आणि सिग्नलवरचा 'ऑटो होल्ड' हा पार्किंग ब्रेक नव्हे, गाडीतून उतरण्यापूर्वी बटण ओढलेलं हवंच.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी घाटात उभी केली की 'पी'मधून काढताना खाडकन झटका बसतो. – वाचक, सातारा

'पी'मध्ये गिअरबॉक्समधल्या दात्यात एक छोटा खिळा अडकतो आणि तुमच्या गाडीचं सगळं वजन त्याच्यावर येतंय. क्रम बदला : पायाचा ब्रेक दाबून थांबा, 'एन' करा, हँडब्रेक ओढा, पाय हळूच सोडा म्हणजे वजन हँडब्रेकवर येईल, पुन्हा ब्रेक दाबा आणि मग 'पी'. निघताना ब्रेक दाबून आधी 'पी'मधून काढा, नंतर हँडब्रेक सोडा. उतारावर पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. असं करूनही झटका बसत असेल तर हँडब्रेक वजन पेलत नाही, पहिलं उत्तर पाहा.

प्रश्न : लिव्हर ओढताना बटण दाबावं की खटके वाजू द्यावेत? – वाचक, पणजी

दोन्ही चालतं. बटण दाबून ओढलं तर हात सोडण्याआधी बटण सोडा आणि लिव्हर किंचित खाली जाऊन दातात बसली का ते पाहा. बसण्याऐवजी एखादा दात घसरला, किंवा धक्का लागल्यावर लिव्हर आपोआप खाली आली, तर दातांची पट्टी झिजली आहे. तिला ग्रीस लावून किंवा कानस मारून चालवू नका, लिव्हरचा पूर्ण संचच बदला.